पांढरी कावीळ, आईने वेगळे काढलेले ताट आणि औषध न देणारे डॉक्टर

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी ३४ वर्षांचा असून तासगाव तालुक्यातील एका विकास सोसायटीत गटसचिव आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्तदान केले आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, की माझे रक्त वापरता येणार नाही. एचबीएसएजी, म्हणजे पांढऱ्या काविळीची चाचणी, पॉझिटिव्ह आहे. पुढच्या तपासण्यांत एसजीपीटी २८, ई अँटिजेन निगेटिव्ह, व्हायरल लोड ६४० आणि सोनोग्राफी व फायब्रोस्कॅन नॉर्मल आले. पोटविकारतज्ज्ञ म्हणाले, 'सध्या औषध नको, सहा महिन्यांनी या.' यकृतात विषाणू आहे असे सांगायचे आणि औषध द्यायचे नाही, हे मला पटत नाही. पत्नीला पाचवा महिना आहे. तिची तपासणी निगेटिव्ह आहे. आईने माझे ताट-वाटी वेगळे काढले आहे. धाकटे मामा म्हणतात, पांढऱ्या काविळीवर खात्रीचे औषध देणारा एक माणूस त्यांच्या माहितीत आहे. थोरले मामा दारूला कधी न शिवता ५१ व्या वर्षी पोटात पाणी होऊन गेले; तेव्हा हे औषध मिळाले असते तर ते वाचले असते, असे त्यांना वाटते. मी काय करावे?"

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न एकच दिसतो, औषध घ्यावे की नाही. परंतु त्याच पत्रात तुम्ही थोरल्या मामांविषयी दोन ओळी लिहिल्या आहेत आणि माझ्या दृष्टीने त्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्यांच्याकडे मी नंतर येतो. त्याआधी तुमच्या डॉक्टरांनी औषध का दिले नाही हे समजून घ्यावे लागेल, आणि त्यासाठी हा विषाणू पेशीत शिरून नेमके काय करतो ते पाहावे लागेल, कारण तुमच्या सगळ्या रिपोर्टांचा अर्थ त्यातच आहे.

हिपॅटायटीस बीचा विषाणू, ज्याला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात, अवघा ४२ नॅनोमीटर व्यासाचा असतो आणि त्याचा जनुकीय मजकूर सुमारे ३,२०० अक्षरांचा असतो. माणसाचा मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या काटकसरीची कल्पना येते. (ही काटकसर इतकी, की तीच अक्षरे वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचली की वेगवेगळी प्रथिने तयार होतात. कागद वाचवण्यासाठी एकाच ओळीत दोन मजकूर बसवावेत, तसे.) यकृताच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर रक्तातील पित्तक्षार आत ओढून घेणारे एक दार असते. हा विषाणू त्याच दाराला चिकटून आत शिरतो आणि तो यकृतालाच का धरतो, याचे एक मोठे कारण हे दार आहे. ते दार कोणते, हे २०१२ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी दाखवून दिले, म्हणजे विषाणूचा शोध लागल्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने.

आत शिरल्यावर विषाणू आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात पोहोचवतो. हा डीएनए वर्तुळाकार असला तरी अर्धवट असतो, कारण त्याचा एक धागा अपुरा असतो. गंमत अशी की ही उणीव आपल्याच पेशीची दुरुस्ती करणारी यंत्रणा भरून काढते, आणि त्यातून जे पूर्ण बंद वर्तुळ तयार होते त्याला सीसीसी-डीएनए म्हणतात. तुम्ही सोसायटीचे दप्तर सांभाळता, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: हे वर्तुळ म्हणजे कपाटात कुलूपबंद असलेली मूळ खतावणी. तिच्यावरून पेशी हवे तितके उतारे काढते, म्हणजे आरएनएच्या प्रती. काही उताऱ्यांवरून विषाणूची प्रथिने बनतात. एक लांब उतारा मात्र विषाणूच्या कोषात भरला जातो आणि कोषातच विषाणूचे स्वतःचे एन्झाइम त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहून काढते. आरएनएवरून डीएनए लिहिण्याची ही उलटी चाल एचआयव्हीतही असते, आणि म्हणूनच टेनोफोविर हे मूळचे एचआयव्हीवरचे औषध येथेही उपयोगी पडते. असे भरलेले कोष मग आवरण चढवून पेशीच्या बाहेर पडतात, तर काही केंद्रकात परत जाऊन खतावणीच्या आणखी प्रती ठेवतात. बाहेर पडताना विषाणू पेशी फोडत नाही, आणि ही पेशी पुढे वर्षानुवर्षे आपले नेहमीचे काम करीत राहते.

आता तुमचा पहिला रिपोर्ट पाहा. एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन. अख्ख्या विषाणूंबरोबर पेशी या आवरणाचे रिकामे गोळेही रक्तात सोडत असते, आणि ते खऱ्या विषाणूंच्या हजारो पट असू शकतात. आत काही नसलेली ही पाकिटे शरीराच्या संरक्षणयंत्रणेला गोंधळात टाकतात. याच पाकिटातील प्रथिन १९६० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात सापडले होते. त्या कामाला १९७६ चे नोबेल मिळाले आणि रक्तपेढीतील चाचणीचा पाया त्यातूनच घातला गेला. तेव्हा एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे इतकेच. तो किती प्रती छापतो आहे, हे व्हायरल लोड सांगतो. तुमचा ६४० हा आकडा लहान आहे. ज्यांच्यात विषाणू जोमात वाढत असतो त्यांच्यात हा आकडा कोटींच्या घरात जातो.

परंतु प्रती छापणे म्हणजे यकृत बिघडणे नव्हे, आणि नेमके येथेच बहुतेकांची गल्लत होते. हा विषाणू स्वतः यकृताची पेशी मारत नाही. पेशी मारतात आपल्याच शरीराच्या संरक्षणयंत्रणेतील टी-पेशी, ज्यांना संसर्ग झालेली यकृतपेशी ओळखू आली की त्या तिचा नाश करतात. असा हल्ला चालू असतो तेव्हा मोडलेल्या पेशींतून एसजीपीटी हे त्यांच्यातील एन्झाइम रक्तात सांडते आणि रिपोर्टवर तो आकडा वाढलेला दिसतो. हल्ला वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला, की मोडलेल्या जागी यकृतातील विशिष्ट पेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात, जसा जखमेवर व्रण धरतो तसा. व्रणावर व्रण चढत जाऊन यकृत गाठीगाठींचे व कडक होते, तोच सिरॉसिस. कडक यकृतातून रक्त पुढे सरकेनासे झाले की शिरांतील दाब वाढतो, पोटात पाणी साठते, अन्ननलिकेतील शिरा फुगून एखाद्या दिवशी रक्ताची उलटी होते. याखेरीज विषाणूच्या डीएनएचे तुकडे पेशीच्या स्वतःच्या डीएनएत घुसून बसतात, म्हणून हिपॅटायटीस बीमध्ये यकृताचा कर्करोग सिरॉसिस नसतानाही होऊ शकतो. हे शेवटचे वाक्य तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. पुढे सोनोग्राफीचा मुद्दा येईल, तेव्हा त्याची गरज लागेल.

तुमच्या डॉक्टरांनी या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या: छपाई कमी (व्हायरल लोड), हल्ला दिसत नाही (एसजीपीटी), यकृत कडक झालेले नाही (फायब्रोस्कॅन). अशा स्थितीत टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर देऊन काय होते? ही औषधे कोषात चालणारी ती उलटी नक्कल थांबवतात, म्हणजे नव्या प्रती निघत नाहीत. कपाटातली खतावणी मात्र जिथल्या तिथे राहते. म्हणून ही औषधे बहुतेकांना दीर्घकाळ, पुष्कळदा आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि मनाने बंद केली तर विषाणू उसळून यकृताला तीव्र इजा होऊ शकते. तुमच्या ओळखीतल्या कोणाचा हिपॅटायटीस सी तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा झाला असेल तर तुम्हाला हा अन्याय वाटेल, पण सी विषाणू केंद्रकात मूळ प्रत ठेवतच नाही. त्याची सगळी छपाई बाहेरच्या पेशीद्रवात चालते. ती बंद पाडली की विषाणू संपतो. बीची खतावणी नष्ट करणारे औषध अजून बाजारात नाही. जे कोणी "मुळासकट काढतो" म्हणून सांगतात, त्यांना हे मूळ कोठे आहे हेच ठाऊक नसते.

येथवर मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने बोललो. आता एका बाबतीत थोडा वेगळा सूर लावतो. एकदाच केलेल्या तपासणीवरून "विषाणू शांत आहे" असे ठरवता येत नाही, कारण बीचा विषाणू चढ-उतार करीत असतो आणि ई अँटिजेन (विषाणू जोमात वाढत असताना बहुधा रक्तात दिसणारे त्याचे एक प्रथिन) निगेटिव्ह असलेल्यांतही हल्ल्याच्या लाटा येतात. पहिल्या वर्षात एसजीपीटी दर तीन-चार महिन्यांनी पाहावे आणि व्हायरल लोडही पुन्हा करावा, असे मला वाटते. आणि दुसरे म्हणजे, थोरल्या मामांची हकीगत तुम्ही डॉक्टरांना सांगितली होती का? पत्रावरून तरी सांगितली नसावी असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये या रोगावरील मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि उपचार सुरू करण्याचा उंबरठा बराच खाली आणला. घरात यकृताचा कर्करोग किंवा सिरॉसिस झालेले कोणी असणे, हेही आता उपचाराचा विचार करण्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे "सध्या औषध नको" हा निर्णय आहे त्या माहितीवर योग्य होता, परंतु माहिती अपुरी होती. कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी का, हेही याच भेटीत विचारा.

आता मामांकडे येतो. दारू न पिणारा माणूस पन्नाशीत पोटात पाणी होऊन गेला, तर त्याला हिपॅटायटीस बी होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. त्यांच्या रक्ताची तपासणी झाली होती की नाही, हे पत्रात नाही. पण शंका घ्यायला पुरेशी जागा आहे. हा विषाणू वयाने मोठ्या माणसाला झाला तर शंभरातील सुमारे पंचाण्णव जण त्याला स्वतःच आवरतात. नवजात बाळाला झाला तर शंभरातील सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा ठाण मांडतो, कारण त्या वयात शरीराचे सैन्य त्याला परके म्हणून ओळखतच नाही. त्यामुळे तुमच्यासारखा माणूस, ज्याला आयुष्यात कधी कावीळ झाल्याचे आठवत नाही पण रक्तात विषाणू सापडतो, त्याला तो बहुधा बाळंतपणात किंवा अगदी लहानपणी मिळालेला असतो. तुमचा जन्म झाला तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात नव्हतीच. आजीकडून मामांना आणि आईला, आईकडून तुम्हाला, असा त्याचा प्रवास झालेला असू शकतो.

म्हणजे ज्या आईने तुमचे ताट वेगळे काढले, तिच्याच रक्ताची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी. तिच्याबरोबर धाकट्या मामांची आणि तुमच्या भावंडांचीही. ही गोष्ट आईला सांगताना फार जपून सांगा. "तुझ्यामुळे मला झाले" असा अर्थ तिच्या मनात क्षणभरही येता कामा नये. तिलाही तो कोणी मुद्दाम दिलेला नाही आणि त्या काळी तो थांबवण्याचे साधनही तिच्या आईच्या हाती नव्हते. "थोरल्या मामांना झाले ते तुला होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावले आहे" असे म्हटले तर ते खरेही आहे आणि पुरेसेही.

ताटाचे काय, तर ते परत एकत्र मांडा. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, एका पेल्याने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही. पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. घराघरांत हा गैरसमज होण्याचे कारण म्हणजे कावीळ या एकाच शब्दाखाली आपण निरनिराळे रोग घातले आहेत. दूषित पाण्यातून येते ती ए आणि ई विषाणूंची कावीळ, आणि तिच्यासाठी केलेले नियम आपण बीला लावतो. वेगळे काढायचे असेलच तर तुमचे दाढीचे ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश वेगळे काढा. हा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो. कापले, खरचटले तर पट्टी लावा आणि सांडलेले रक्त ब्लीचच्या पाण्याने पुसा.

पत्नीची एचबीएसएजी निगेटिव्ह आली, ही चांगली बातमी आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची संरक्षक प्रतिपिंडे आहेत का, हे पाहून नसल्यास लस सुरू करावी. ही लस गरोदरपणात सुरक्षित आहे. तिच्यात विषाणू नसतोच, यीस्टमध्ये तयार केलेले तेच आवरणाचे प्रथिन असते. तीन डोस पूर्ण होऊन प्रतिपिंडांची पातळी १० च्या वर गेल्याचे दिसेपर्यंत निरोध वापरा, आणि नववा महिना लागण्यापूर्वी तिची एचबीएसएजी एकदा पुन्हा करून घ्या. ती निगेटिव्ह राहिली तर बाळंतपणात बाळाला विषाणू मिळण्याचा मार्गच उरत नाही. तरीही जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला लसीचा पहिला डोस मिळाला आहे, हे स्वतः पाहा, आणि पुढचे ६, १० व १४ आठवड्यांचे डोस चुकवू नका. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस देणे सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग घटला. तुमच्या घरातील साखळी तुटायची असेल, तर ती प्रसूतिगृहातल्या त्या एका सुईने तुटेल.

राहिले खात्रीचे औषध. काही वर्षांपूर्वी एक आजोबा माझ्याकडे स्टीलच्या वाटीत पिवळे पाणी घेऊन आले होते. "ही बघा, उतरलेली कावीळ," असे म्हणून त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. हातांना आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावायचा आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, की पाणी पिवळे होते. निरोगी माणसाचे हात धुतले तरी होते. मी नर्सबाईंचे हात तसेच धुवून दाखवले तेव्हा आजोबा हसले, पण त्यांना राग आला नसेल असे मी म्हणणार नाही. या उपायांवर लोकांचा विश्वास बसतो, कारण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची साथ आली, तीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली आणि बहुसंख्य लोक विशेष उपचाराविना बरे झाले. गरोदर स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूचे प्रमाण मोठे होते. अशा वेळी माळ घाला, नाकात थेंब सोडा किंवा काहीच करू नका, श्रेय त्या आठवड्यात जो समोर असेल त्याला मिळते. बीला ही सवलत नाही, आणि तुम्हाला तर कावीळ झालेलीच नाही, उतरवायचे काय?

काविळीवर दिल्या जाणाऱ्या भुईआवळी या वनस्पतीविषयी मी वेगळ्या सुरात बोलतो, कारण तिची निदान प्रामाणिक परीक्षा झाली होती. १९८० च्या दशकात मद्रासमध्ये तिच्यावर झालेल्या अभ्यासातून मोठी आशा निर्माण झाली होती, पण नंतर इतरत्र केलेल्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. अनोळखी भुकटीबद्दल मात्र माझा विरोध ठाम आहे, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या यंत्रणेतच आहे. काही गावठी भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड टी-पेशींना झोपवते, त्यामुळे रुग्णाला भूक लागते, बरे वाटते, आणि त्याच वेळी कपाटातल्या खतावणीवरून बेसुमार प्रती निघू लागतात. भुकटी बंद झाली की जागे झालेले सैन्य एकाच वेळी असंख्य यकृतपेशींवर तुटून पडते आणि अशा वेळी यकृत काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. हीच गोष्ट डॉक्टरांच्या औषधांनाही लागू आहे, म्हणून दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा पुढे कधी कर्करोगासाठी उपचार घ्यायची वेळ आली, तर पहिले वाक्य "मला हिपॅटायटीस बी आहे" हे असू द्या. दात काढताना आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वीही ते सांगा.

पथ्य विचारले नाही, पण घरात हळद आणि तेल बंद झाले असेल, अशी माझी अटकळ आहे. ते सुरू करा. दारू मात्र घेत असाल तर पूर्ण सोडा, वजन वाढू देऊ नका, आणि हिपॅटायटीस एची लस घेता येईल का हे विचारा. डी विषाणूची एक चाचणीही एकदा करून घ्यावी; तो बीच्या आवरणाशिवाय पसरू शकत नाही, पण बीबरोबर असला तर यकृत वेगाने खराब करतो.

खर्चाची चिंता असेल तर केंद्र सरकारचा विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्यात तपासण्या आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना रक्तपेढीचा कागद, सगळे रिपोर्ट आणि थोरल्या मामांच्या आजारपणाचे काही कागद घरात सापडले तर तेही बरोबर न्या, आणि आईला व धाकट्या मामांना त्याच दिवशी सोबत घ्या. या तपासण्यांसाठी रक्त द्यायला उपाशीपोटी जायची गरज नाही.